रात्रीच्या हवेनं घर गार करायचंय? सेन्सर हवेत टांगू नका, स्लॅबला लावा

प्रश्न थोडक्यात असा आहे: नाशिकमधलं घर, सगळ्यात वरचा मजला, साधारण १००० चौरस फूट, डोक्यावर ५ इंची आरसीसी स्लॅब, गच्चीवर जाणारा आतला जिना. एप्रिल-मे महिन्यांत रात्री १० वाजता बाहेर छान वारा असतो आणि आत मात्र भिंतीसुद्धा गरम लागतात. मोठा एक्झॉस्ट फॅन बसवून तो स्मार्ट प्लगला जोडला आणि हवामानाच्या ॲपमध्ये बाहेर गार दिसलं की आपोआप चालू केला, तर जमेल का?

जमेल. पण ॲप आणि स्मार्ट प्लग दोन्ही सोडून द्या. ॲपमधलं तापमान तुमच्या गल्लीचं नसतं. दाट वस्तीत, डांबर आणि फरशीच्या मधोमध, रात्री ९ ला खरं तापमान त्याहून दोन-तीन अंश जास्त असू शकतं. शिवाय इंटरनेट गेलं की प्लग होता त्याच अवस्थेत अडकतो. पंखा चालू राहिला आणि सकाळी १० ला ३५ अंशांची हवा घरात ओढली, तर रात्रभराची कमाई दोन तासांत जाते. निर्णय घरातल्या घरात, घरच्याच सेन्सरवर व्हायला हवा.

आधी हे तुमच्या गावी चालतं का ते बघा. नाशिक, पुणे, अहिल्यानगर, सातारा, छत्रपती संभाजीनगर या पठारी भागात उन्हाळ्यात दिवस आणि रात्र यांत १५ अंशांच्या आसपास फरक पडतो. दुपारी ३८, पहाटे २१-२२, हवा कोरडी. हेच आपलं भांडवल. नागपूरला मे महिन्यात पहाटेसुद्धा पारा २८ च्या आसपास असतो. तिथे मार्च-एप्रिलमध्ये उपयोग होतो, मे महिन्यात फार थोडा. मुंबई, कोकण आणि गोव्यात रात्र २६-२७ ची आणि दमट, त्यामुळे तिथे यावर पैसे घालू नयेत.

आता मुळाशी जाऊ. गरम असतं ते घर, हवा नव्हे. १००० चौरस फुटांचा ५ इंची स्लॅब म्हणजे जवळजवळ २८ टन काँक्रीट. ते एक अंशानं उतरवायला सुमारे ७ युनिट (विजेच्या बिलावरचंच युनिट, म्हणजे किलोवॅट-तास) उष्णता बाहेर काढावी लागते. भिंती धरल्या तर हिशोब दुपटीच्या आसपास जातो. घरातली सगळी हवा मात्र फक्त २७० घनमीटर, म्हणजे जेमतेम ३०० किलो. ती पाच मिनिटांत बदलते आणि तिच्यात काहीच साठलेलं नसतं.

बहुतेक यंत्रणा इथेच फसतात. हॉलमध्ये हवेचा सेन्सर टांगलेला असतो आणि नियम असा असतो की आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा ३ अंशांनी जास्त असेल तर पंखा चालू, १ अंशावर आलं की बंद. पंखा चालू झाला की दहा मिनिटांत हॉलभर बाहेरची हवा पसरते, सेन्सरला वाटतं काम झालं, पंखा बंद. स्लॅब तसाच ३५ अंशांवर बसलेला. तो पुन्हा हवा तापवतो, अर्ध्या तासानं पंखा पुन्हा चालू. रात्रभर हा लपंडाव चालतो आणि एकूण पंखा चालतो दोन तास. सकाळी घर तसंच. लोक मग म्हणतात, पंखा लहान पडला. पंख्याचा दोष नसतो, मोजमाप चुकीच्या जागी असतं.

म्हणून मुख्य सेन्सर स्लॅबच्या खालच्या बाजूला. डीएस१८बी२० हा तापमान मोजणारा, स्टीलच्या नळीतला वॉटरप्रूफ प्रोब घ्या. छताच्या प्लास्टरमध्ये नळीच्या जाडीची, म्हणजे साधारण ८ मिलिमीटर खोल, ६ सेंटिमीटर लांब चर पाडा, प्रोब आत दाबून बसवा आणि वरून पुट्टीनं पूर्ण झाका. नळीचं टोक उघडं राहिलं तर तो पुन्हा हवाच मोजतो. जागा खोलीच्या मधल्या भागात, पण पंख्याच्या हुकापासून आणि वायरिंगच्या पाइपापासून दोन फूट लांब. दुसरा असाच प्रोब आतल्या एखाद्या भिंतीत, छातीच्या उंचीवर. तिसरा एक्झॉस्ट फॅनच्या तोंडाशी मोकळा, त्याचं काम पुढे सांगतो. हॉलच्या हवेसाठी एक चौथा.

घरात पीओपीचं फॉल्स सिलिंग असेल तर हवा स्लॅबपर्यंत पोचतच नाही. तिथे स्लॅब गार करायचा नाद सोडा, भिंतीतला प्रोब मुख्य माना आणि परिणाम निम्माच मिळेल असं धरून चाला.

बाहेरच्या सेन्सरवर सगळ्यात जास्त कष्ट घ्या. पश्चिमेच्या भिंतीला चिकटवलेला सेन्सर रात्री ११ पर्यंत भिंतीचीच ऊब सांगत राहतो आणि पंखा दोन तास उशिरा सुरू होतो. उत्तरेची बाजू, जमिनीपासून किंवा गच्चीपासून पाच फूट वर, भिंतीपासून फूटभर पुढे, शेजारच्या एसीच्या आउटडोअर युनिटपासून दूर. त्याला उन्हापावसाचं छत्र कुंडीखाली ठेवतात त्या पांढऱ्या प्लास्टिकच्या बशांचं करता येतं. सहा बशा उलट्या एकावर एक, मध्ये १५ मिलिमीटरचे स्पेसर, तीन ठिकाणी भोकं पाडून आरपार ५ मिलिमीटरचे आटेवाले रॉड. सगळ्यात वरची बशी अखंड ठेवायची, खालच्या पाचांच्या मध्यभागी वाटीएवढं भोक, त्यात सेन्सर लटकतो. हवा सगळीकडून खेळते, ऊन आत शिरत नाही. इथे तापमानाबरोबर आर्द्रताही लागते, म्हणून एसएचटी३१ किंवा बीएमई२८० घ्या. हे आयटूसी या जवळच्या जवळ वापरायच्या जोडणीवर चालतात आणि ती लांब वायरवर भरवशाची राहत नाही. मीटरभराच्या पुढे आकडे अडखळायला लागतात. त्यामुळे बाहेर वेगळा छोटा ईएसपी बोर्ड (वायफाय असलेला प्रोग्राम करता येणारा कंट्रोलर) ठेवून वायफायवर आकडे पाठवा, किंवा आरएस-४८५ या लांब वायरवर चालणाऱ्या जोडणीचा तयार सेन्सर घ्या. बोर्ड आणि सेन्सर एकाच बंद डबीत ठेवू नका. बोर्ड स्वतः तापतो आणि सेन्सर दोन-चार अंश जास्त दाखवतो.

डीएस१८बी२० ची अचूकता अधिक-उणे अर्धा अंश असते, म्हणजे दोन अगदी चांगल्या प्रोबमध्येही एक अंशाचा फरक निघू शकतो. आपले निर्णय दीड-दोन अंशांवर होणार आहेत. म्हणून बसवण्याआधी सगळे प्रोब आणि बाहेरचा सेन्सर एकत्र बांधा, स्टीलच्या डब्यात ठेवा, डबा जाड टॉवेलमध्ये गुंडाळून दोन तास राहू द्या. मग प्रत्येकाचा फरक लिहून घ्या आणि तेवढी दुरुस्ती प्रोग्राममध्ये टाका. हे टाळलं तर पुढचे सगळे नियम हवेतले.

पंखा किती मोठा? रात्री तासाला दहा-अकरा वेळा घरातली हवा बदलली पाहिजे. २७० घनमीटरला दहा-अकरा म्हणजे तासाला ३००० घनमीटर. पंख्याच्या पाटीवरचा आकडा मोकळ्या हवेतला असतो. जाळी, शटर आणि खिडक्यांच्या अडथळ्यानं त्यातला तिसरा हिस्सा सहज जातो. म्हणून पाटीवर ४००० च्या वर असलेला, १८ इंची, ९०० आरपीएमचा पंखा घ्या. साधारण २०० वॅट खातो. १४०० आरपीएमचा लहान पंखा तेवढीच हवा देईल, पण त्या आवाजात झोप लागणार नाही आणि चौथ्या रात्री घरातलंच कुणीतरी तो बंद करेल. बसवताना फ्रेम आणि भिंत यांत रबरी बुश घाला.

जागा जिन्याच्या माथ्यावरच्या हेडरूममध्ये, पूर्वेच्या भिंतीत. गरम हवा तिथे आपसूक चढते, आणि दख्खनवर उन्हाळ्याच्या संध्याकाळी वारा बहुधा पश्चिमेकडून येतो, म्हणजे पंख्याला वाऱ्याविरुद्ध फुंकावं लागत नाही. बाहेरच्या बाजूला आपोआप मिटणारी झडप हवी, नाहीतर दिवसा तेच भोक झळ आत आणतं.

हवा येणार कुठून, हा प्रश्न पंख्याइतकाच मोठा आहे. ३००० घनमीटर हवा एक मीटर प्रतिसेकंद वेगानं यायची तर जवळजवळ पाऊण-एक चौरस मीटर मोकळी जागा लागते. डासांची जाळी त्यातली निम्मी अडवते, म्हणून जाळीची दीड चौरस मीटर खिडकी उघडी हवी. सरकत्या ॲल्युमिनियम खिडकीत उघडून निम्मीच जागा मिळते हे लक्षात ठेवा. चार फुटी दोन खिडक्या सरकवून उघडल्या तर हिशोब बसतो. झाडं, माती असलेल्या बाजूच्या खिडक्या निवडा, फरशीच्या पार्किंगच्या नकोत. बेडरूमची दारं रात्री लावली तर तिथलं वहन संपतं. दाराखालची अर्ध्या इंचाची फट काहीच कामाची नाही. जुन्या घरांत दारांवर झरोके असायचे ते याचसाठी. नसतील तर दारावर १ फूट बाय अडीच फुटांची लूव्हर, म्हणजे तिरक्या पट्ट्यांची खिडकी, बसवून घ्या.

छताचे पंखे मंद गतीवर चालू ठेवा. याकडे जवळजवळ सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. गार हवा जड, ती खालून वाहते. गरम स्लॅबला चिकटलेला हवेचा थर वर तसाच निवांत पडून राहतो आणि स्लॅबची उष्णता हवेत उतरतच नाही. छताचा पंखा तो थर मोडतो. बीएलडीसी पंखा मंद गतीवर दहा वॅटच्या आतबाहेर खातो, तेव्हा सगळ्या खोल्यांतले चालवायला हरकत नाही.

खिडक्या मोटरनं उघडणं तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे. वर बिजागरी असलेल्या झडपांसाठी साखळीचे ॲक्च्युएटर मिळतात. पण सरकत्या खिडक्यांना ते बसत नाहीत, आणि वळिवाच्या वाऱ्यात अडकलेली मोटर हे वेगळंच दुखणं. माझं मत: खिडक्या हातानंच उघडा, प्रत्येकीला चुंबकी रीड स्विच लावा आणि यंत्रणेला फक्त एवढं कळू द्या की कोणती उघडी आहे. निदान दोन उघड्या नसतील तर पंखा चालूच होऊ नये.

ही अट सोयीसाठी नाही, जिवासाठी आहे. सगळ्या खिडक्या बंद असताना एवढा पंखा घरात ओढ निर्माण करतो. मग हवा नहाणी ट्रॅपमधून येते आणि घरभर गटाराचा वास सुटतो. न वापरल्या जाणाऱ्या बाथरूमच्या ट्रॅपमध्ये पाणी आटलेलं असेल तर हमखास. त्याहून वाईट म्हणजे गॅस गीझर. त्याच्या धुराड्यातून बाहेर जाणारा वायू उलटा आत ओढला जाऊ शकतो आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. घरात गॅस गीझर असेल तर गीझर चालू असताना पंखा बंद, असा पक्का इंटरलॉक करा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही बसवा.

आता नियंत्रण. ईएसपी३२ बोर्ड, त्यावर ईएसपीहोम हे सॉफ्टवेअर, म्हणजे नियम बोर्डातच राहतात आणि वायफाय गेलं तरी ते चालतात. होम असिस्टंट हे घरातल्या उपकरणांचं सॉफ्टवेअर आलेख बघायला छान, पण निर्णय त्याच्यावर टाकू नका. डीएस१८बी२० साठी ३.३ व्होल्ट आणि डेटा वायर यांच्यात ४.७ किलोओहमचा रोध. रिलेला, म्हणजे बोर्डाच्या इशाऱ्यावर पंखा चालू-बंद करणाऱ्या स्विचला, पिन २५, २६ किंवा २७ द्या. ०, २, १२, १५ या पिना बोर्ड सुरू होताना वेगळ्या कामात असतात आणि प्रत्येक वीज गेल्या-आल्यावर रिले टकटक करतो. बाजारात मिळणारे बरेच ५ व्होल्टचे रिले मॉड्यूल लो ट्रिगरचे, म्हणजे पिन शून्यावर आली की चालू होणारे, असतात. ३.३ व्होल्टच्या पिनेनं ते कधीकधी पूर्ण बंदच होत नाहीत. हाय ट्रिगरचं घ्या.

पंख्याची मोटर हा इंडक्टिव्ह भार आहे. रिले उघडताना ठिणगी पडते आणि काही महिन्यांत संपर्क चिकटून बसतात. संपर्कांच्या दोन टोकांना ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स२ दर्जाचा कपॅसिटर आणि १०० ओहम असा स्नबर (ठिणगी शोषणारी जोडी) जोडा, किंवा रिलेनं छोटा कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरचा भार पेलणारा दणकट स्विच, चालवा. पंख्याच्या लाइनला स्वतंत्र एमसीबी, आरसीसीबी आणि अर्थिंग, आणि हाताच्या उंचीवर साधा बटणाचा स्विच, जो इलेक्ट्रॉनिक्स काहीही म्हणो, पंखा बंद करेल. २३० व्होल्टचं काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. पीझेडईएम-००४टी सारखा वीज मोजणारा मीटर लाइनवर ठेवला तर दोन बिघाड लगेच कळतात: रिले चालू पण करंट नाही, म्हणजे वायर सुटली किंवा वाइंडिंग गेलं, रिले बंद पण करंट आहे, म्हणजे संपर्क चिकटले. पंखा गुणगुणतो पण फिरत नाही, तर बहुधा त्याचा कपॅसिटर गेलेला असतो.

नियम असे ठेवा. रात्री साडेआठच्या आधी चालू नाही, कारण दिवेलागणीला डास सगळ्यात जास्त असतात आणि हवाही उतरलेली नसते. बाहेरची हवा स्लॅबपेक्षा ३ अंश आणि हॉलच्या हवेपेक्षा १ अंश गार असेल तर चालू. बाहेर आणि स्लॅब यांत दीड अंश उरला की बंद. चालू झाला की निदान २० मिनिटं चालावा, बंद झाला की १० मिनिटं बंद राहावा, आणि प्रत्येक आकडा गेल्या पाच मिनिटांचा मध्यक असावा. हॉलची हवा २१ च्या खाली गेली तर थांबा. मार्चमध्ये पहाटे गारठा असतो आणि घरात लहान बाळ किंवा म्हातारं माणूस असेल तर हा आकडा २३ करा. सकाळी साडेसातला काहीही असो, बंद.

डीएस१८बी२० चे दोन खोटे आकडे ओळखून ठेवा. वीज आल्या-आल्या तो ८५ दाखवतो, आणि वायर सुटली की अर्डुइनोच्या नेहमीच्या लायब्ररीत उणे १२७ येतो. स्लॅब ८५ अंश आहे असं समजून पंखा दुपारी सुरू झालेला नको असेल तर १० ते ६० च्या बाहेरचं काहीही फेकून द्या. सेन्सर दहा मिनिटं गप्प असेल तर पंखा बंद.

दमटपणासाठी सापेक्ष आर्द्रतेचा टक्का बघू नका, दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी व्हायला लागतं तो आकडा, काढा. २२ अंश आणि ६० टक्के म्हणजे दवबिंदू १४ च्या आसपास, उत्तम. २५ अंश आणि ८५ टक्के म्हणजे २२ च्या वर. ती हवा आत घेतली तर कोटा फरशी ओलसर लागते, कपाटातल्या कपड्यांना वास येतो. बाहेरचा दवबिंदू १८ च्या वर गेला की पंखा बंद.

वळीव आणि अवकाळीसाठी पावसाचा सेन्सर लावायचा मोह होतो. तांब्याच्या पट्ट्यांचा स्वस्त सेन्सर एका हंगामात हिरवा पडतो. त्याऐवजी बाहेरचं तापमान दहा मिनिटांत ४ अंशांनी कोसळलं तर पंखा थांबवून बझर वाजवा. वादळाची चाहूल त्यातून पुरेशी लागते आणि माणूस उठून खिडक्या ओढून घेतो. पंख्याजवळ एक बटण असंही ठेवा, जे दाबलं की दोन तास बंद. शेजारी पालापाचोळा जाळला किंवा द्राक्षबागेत फवारणी सुरू असली तर ती हवा घरात ओढायची नसते, आणि हे यंत्राला कळत नाही.

आता पंख्याच्या तोंडाशी लावलेल्या तिसऱ्या प्रोबचं काम. तिथलं तापमान वजा बाहेरचं तापमान, हा फरक म्हणजे तुमचा उष्णतेचा मीटर. नाशिकच्या उंचीवर एक घनमीटर हवा साधारण १.१ किलो भरते, त्यामुळे तासाला ३००० घनमीटर असताना प्रत्येक अंशामागे सुमारे ०.९ किलोवॅट उष्णता बाहेर जाते. पहिल्या तासात फरक ५ अंश असेल तर साडेचार किलोवॅट, म्हणजे दीड टनाच्या एसीच्या जवळपास, आणि वीज २०० वॅट. पहाटे तो फरक दीडवर येतो. रात्रभराची सरासरी ३ धरली तर दहा तासांत २७-२८ युनिट उष्णता जाते आणि मीटरवर पडतात दोन युनिट. स्लॅब आणि भिंतींच्या १४ युनिट प्रतिअंश या हिशोबानं एका रात्रीत दोनच अंश. म्हणून पहिल्या रात्री निराश होऊ नका. सलग तीन-चार रात्रींनी फरक साठतो, आणि एक रात्र चुकली की घर मागे जातं. स्वयंचलनाची खरी गरज इथेच आहे. स्लॅब आणि बाहेरची हवा यांतलं अंतर तेवढंच असूनही हाच फरक महिनाभरात हळूहळू वाढायला लागला, तर हवा कमी येते आहे, एकदा जाळी बघा. एप्रिलच्या धुळीत ती तीन आठवड्यांत बुजते. नळाखाली धुतली की आकडा परत खाली येतो.

आणि सकाळ. पंखा बंद होतो, पण खिडक्या उघड्याच राहिल्या तर नऊ वाजेपर्यंत घर पुन्हा बाहेरच्या हवेच्या ताब्यात. साडेसातला रीड स्विच बघून, जी खिडकी उघडी आहे तिचं नाव फोनवर यावं आणि ती बंद होईपर्यंत दर दहा मिनिटांनी बझर वाजावा. पूर्व आणि पश्चिमेचे पडदेही ओढायचे. संध्याकाळी नऊला 'खिडक्या उघडा' असा निरोप.

खर्चाचा क्रम मात्र बदलू नका. गच्ची उघड्या काँक्रीटची किंवा काळपट कोब्याची असेल तर मे महिन्याच्या दुपारी तिचा पृष्ठभाग ५५ अंशांच्या पुढे जातो, आणि ती ऊब चार-पाच तासांनी खाली उतरते. म्हणूनच संध्याकाळी सात-आठला छत सगळ्यात गरम लागतं. आधी गच्चीला चुन्याची सफेदी किंवा उष्णता परावर्तित करणारा पांढरा रंग दोन हात द्या. मग पंखा आणि लूव्हर, हातानं चालवून आठवडाभर बघा. आकडे हातात आले की मग बोर्ड आणि सेन्सर.

जूनच्या पहिल्या दमट आठवड्यात दवबिंदूची अट पंखा सलग तीन-चार रात्री चालू होऊ देणार नाही. तेव्हा हंगाम संपला असं समजा. पंख्याचा एमसीबी पाडा, झडपेच्या आतून एक इंची थर्माकोलचा तुकडा बसवा म्हणजे तिरका पाऊस आत येणार नाही, बाहेरच्या बशांचं छत्र काढून धुऊन ठेवा. फेब्रुवारीच्या शेवटी परत लावताना प्रोब पुन्हा एकदा टॉवेलच्या डब्यात तपासून घ्या. स्लॅबमधला काढता येत नाही. त्याच्यासाठी पहाटे पाचला, पंखा आणि खिडक्या बंद असताना, छताला टेकवून धरलेल्या दुसऱ्या प्रोबशी ताळा करायचा.